मातृजीभ का नाही?

मराठीत 'मातृजीभ' असा शब्द नाही. नुसता वाचतानाही तो चमत्कारिक वाटतो, काहींना जरा किळसवाणाही वाटेल. पण जगातल्या कितीतरी भाषांत याच घडणीचा शब्द आहे आणि तिथल्या कुणाला त्यात काही वावगं दिसत नाही. इंग्रजीतल्या 'मदर टंग'मधलं टंग म्हणजे तोंडातली जीभच. लॅटिनमध्ये लिंग्वा म्हणजे जीभ आणि लिंग्वा म्हणजे भाषाही. इंग्रजीतला लँग्वेज हा तिचाच वंशज. ग्रीक ग्लोसाचंही तेच. पुस्तकाच्या शेवटी कठीण शब्दांची यादी असते तिला ग्लॉसरी म्हणतात ते त्यावरूनच. अरबी लिसान, फारसी जबान, तुर्की दिल, रशियन याझिक, या प्रत्येकाचे दोन अर्थ : एक दातांआड लपलेला आणि दुसरा कानावर पडणारा.

मराठीनं ही वाट धरली नाही. आपली भाषा 'भाष्' या बोलण्याच्या धातूतून आली, बोली तर बोलण्यातूनच आली. शेजाऱ्यांकडेही जवळजवळ तेच चित्र आहे. कन्नडमध्ये जीभ म्हणजे नालिगे आणि भाषा म्हणजे नुडी. तमिळमध्ये जीभ म्हणजे नाक्कु आणि भाषा म्हणजे मोळि. 'या शब्दाला माझी जीभ वळत नाही' असं आपण म्हणतो खरं, पण त्यात जीभ वेगळी आणि शब्द वेगळा. एक घोडा आणि दुसरा स्वार, असं म्हणा हवं तर.

जबान मात्र आपण उसनी घेतली, आणि तीही सरकारदरबारातून. पोलीस साक्षीदाराची जबानी घेतात. पेशवाईतल्या कागदपत्रांत 'मुखजबानी' भेटते. जे पत्रात लिहिणं धोक्याचं ते पत्र नेणारा तोंडी सांगायचा. (जबाब हा शब्द मात्र या घरातला नव्हे. तो अरबी 'जवाब'. जबानी आणि जबाब शेजारी शेजारी बसतात म्हणून लोकांना सख्खे वाटतात, इतकंच.) गंमत अशी, की फारसी जबान, संस्कृत जिह्वा, लॅटिन लिंग्वा आणि इंग्रजी टंग ही चारही रूपं भाषाशास्त्रज्ञ एकाच प्राचीन इंडो-युरोपीय शब्दापर्यंत नेतात. म्हणजे जबान ही जिभेची चुलत बहीण. ती परदेशातून आली आणि थेट कचेरीत जाऊन बसली. घरची जीभ मात्र स्वयंपाकघरातच राहिली.

संस्कृत जिह्वेची जीभ झाली ती प्राकृतातल्या 'जिब्भा'वरून. जोडाक्षर गेलं आणि त्याची भरपाई म्हणून ज वरची इ लांबली. शाळेत जीभ दीर्घ आणि जिभेला ऱ्हस्व लिहिताना ज्यांचे गुण गेले, त्यांना हा इतिहास कुणी सांगितला नसणार. जिह्वा हा शब्द आपण मराठीत 'जिव्हा' असा लिहितो, तेही जिभेचंच काम. ह आणि व यांची अदलाबदल करून तिनं आपल्या नावातलीच अक्षरं सोयीनं फिरवून घेतली. चिह्नाचं चिन्ह झालं तेही याच आळसातून.

आता मूळ प्रश्न. जिभेला भाषेचा मान का मिळाला नाही? याचं उत्तर कुठल्याही कोशात नाही, तेव्हा जे सांगतो ते माझं मत. मराठीनं जिभेला बोलण्याचं साधन मानलंच नाही. मराठीत जीभ हे घरातलं एक माणूस आहे, आणि तेही लाडावलेलं. तिच्याभोवतीची क्रियापदं बघा. तिचे चोचले पुरवावे लागतात. ती चटावते. ती मागते ('जिभेनं मागितलं म्हणून खाल्लं, आता पोट भोगतंय'). तिला आवरावं लागतं, तिला लगाम घालावा लागतो, आणि सैल सोडली तर ती लांब होते. एकुलत्या एका नातवाबद्दल आजी-आजोबांत जी भाषा चालते, ती हीच. दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' उघडला तर जिभेच्या नावावरचे वाक्प्रचार वाचता वाचता असं वाटतं, की आपण एखाद्या वात्रट पोराच्या तक्रारींची वही चाळतो आहोत.

लाडावलेल्या पोराची दुसरी खूण म्हणजे त्याच्या चुका त्याच्या नावावर जातात, आईबापांच्या नाही. निवडणुकीच्या दिवसांत मराठी वर्तमानपत्रांत एक मथळा हमखास दिसतो : अमुक नेत्याची जीभ घसरली. वाक्याचा कर्ता कोण? जीभ. नेता बिचारा तिथे नुसता मालक म्हणून उभा. पावसात अंगणात पाय घसरावा तशी ती घसरली, त्याला तो काय करणार! 'तो वाईट बोलला' आणि 'त्याची जीभ घसरली' यांत जे अंतर आहे, त्याच्यात अख्खी दिलगिरी मावते. मला स्वतःला 'जीभ पाघळली' हा प्रयोग जास्त प्रामाणिक वाटतो. पाघळणं म्हणजे उन्हात लोणी किंवा गूळ विरघळून ओघळणं. घसरण्यात अपघात असतो. पाघळण्यात मात्र आत काहीतरी भरलेलं होतं आणि ते बाहेर आलं, हे कबूल केलेलं असतं.

चांगल्या माणसांच्या बाबतीतही कर्तेपण जिभेकडेच. 'बोलायला जीभ रेटत नाही', 'जीभ धजत नाही', 'जीभ जड झाली'. इथे तीच माणसाला थांबवते. मेलेल्या माणसाच्या घरी गेल्यावर 'कसं झालं?' विचारायला जीभ रेटत नाही, तेव्हा ती मालकापेक्षा शहाणी असते.

तिच्याकडे पाहुणेही येतात. नशीब चांगलं असेल तर सरस्वती येऊन बसते. साखर कुणीतरी ठेवून जातं. आणि काळा तीळ असला तर ती काळी जीभ. तिनं बोललेलं वाईट तेवढं खरं होतं, अशी समजूत. चांगलं बोललेलं खरं होत नाही का, हे मी लहानपणी विचारलं होतं. उत्तर मिळालं ते असं, 'जास्त बोललास तर जीभ हासडून हातात देईन.' हासडणं हे क्रियापद एरवी आपण शिव्यांसाठी वापरतो किंवा झाडाची फांदी ओढून तोडतो तेव्हा. जिभेला मिळणाऱ्या शिक्षांत 'जीभ झडो' हीसुद्धा आहे, पण हासडून हातात देण्यातली तपशीलवार कल्पनाशक्ती तिच्यात नाही. हातात घेऊन पुढे काय करायचं, हा प्रश्न प्रत्येक मराठी मुलाला पडलेला असतो.

शस्त्रांत जिभेला दांडपट्टा मिळाला आहे. 'जिभेचा पट्टा सुटला' म्हणतो तो पट्टा कमरेचा किंवा कुत्र्याच्या गळ्यातला नाही. दांडपट्ट्याचं पातं लांब, सरळ, दुधारी आणि लवचीक. मूठ कोपरापर्यंत हात झाकणारी. मनगट त्या मुठीत अडकून पडतं, म्हणून वार करताना सगळा हातच फिरतो आणि एकदा फिरायला लागला की आजूबाजूला कोण आहे याचा विचार राहत नाही. लवचीक, दुधारी आणि थांबवायला अवघड. ज्या कुणी पहिल्यांदा ही तुलना केली त्यानं पट्टा जवळून पाहिला होता, आणि बहुधा एखादी आत्याही.

तोंडही काही धुतल्या तांदळाचं नाही, हे इथे सांगायला हवं. तोंडाळ, तोंड सोडणं, तोंड वाजवणं यांतून त्याचीही कीर्ती कळते. पण तोंडाच्या वाट्याला चांगलं पुष्कळ आलं. पाठ झालेली गोष्ट तोंडपाठ असते. आठवत असूनही न आठवणारं नाव ओठांवर असतं. लक्षात राहिलेलं संस्कृत कंठात राहतं. जिभेला या वाटणीत 'जिव्हाग्री' एवढा एकच शब्द मिळाला, आणि तो पंडितांच्या घराबाहेर फारसा पडला नाही.

'जिभेला हाड नसतं', म्हणजे वाटेल ते बोलायला तिला काही अडत नाही. शरीरशास्त्राच्या दृष्टीनं हे खरंच आहे. जीभ ही आठ प्रकारच्या स्नायूंची गुंफण आहे. त्यांतले चार तिच्या आतच सुरू होतात आणि आतच संपतात. ते तिचा आकार बदलतात. उरलेले चार बाहेरून येऊन तिला पुढे-मागे, वर-खाली हलवतात. हत्तीची सोंड आणि ऑक्टोपसचे हात याच तत्त्वावर चालतात. आतला मांसल भाग दाबून आकसता येत नाही, म्हणून एका बाजूनं आवळला की दुसऱ्या बाजूनं लांबतो. पण म्हण बनवणाऱ्यांच्या नजरेतून एक गोष्ट सुटली. जिभेच्या मुळाशी, हनुवटीच्या खाली आणि कंठमण्याच्या वर, घोड्याच्या नालेच्या आकाराचं एक छोटं हाड असतं. शरीरातल्या इतर कुठल्याही हाडाशी त्याचा सांधा नाही. नुसत्या स्नायूंच्या आणि बंधांच्या आधारानं ते लटकतं. जिभेचे काही स्नायू त्याला बांधलेले असतात. तर, जिभेला हाड नसलं तरी तिला बांधायला खुंटा आहे.

आता तिच्या खाण्याकडे. इथे मराठीनं एक मोठा घोळ घालून ठेवला आहे, आणि तो मला फार आवडतो. आयुर्वेदानं रस सहा मानले : मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त आणि कषाय. पहिले तीन सरळ आहेत. गोड, आंबट, खारट. सहावा तुरट. मधले दोन बघा. मराठी वाचक 'कटु'चा अर्थ कडू लावतो आणि 'तिक्त'चा तिखट, कारण कानाला तसंच वाटतं. खरं आहे ते बरोबर उलटं. आयुर्वेदातला कटु म्हणजे तिखट आणि तिक्त म्हणजे कडू. पुरावा घरातल्या औषधाच्या डब्यात आहे : त्रिकटु म्हणजे सुंठ, मिरी आणि पिंपळी. तिन्ही झणझणीत, एकही कडू नाही. संस्कृत 'कटु'चंच मराठी रूप कडू, पण वाटेत कुठेतरी त्याची चव बदलली आणि ते कारल्याच्या वेलावर जाऊन बसलं. तिखट आलं तीक्ष्णावरून, म्हणजे धारेवरून. मग मराठीनं संस्कृत कटु पुन्हा उचलला तोही नव्या अर्थानं. 'कटू सत्य' आणि 'कटुता' यांत सुंठ-मिरी नाही, कारलंच आहे. जुना वैद्यकग्रंथ शब्दकोशाशिवाय वाचणाऱ्यानं एवढं लक्षात ठेवावं, नाहीतर पथ्य उलटं पडेल.

तिखट हे तर मराठीत नामही झालं. 'वाटीभर तिखट दे' म्हटलं की लाल मिरचीची पूड येते. मिरची आपल्याकडे आली ती 16व्या शतकात, अमेरिकेतून, पोर्तुगिजांबरोबर. त्याआधी इथल्या जिभांना झोंबायचं काम मिरी करत होती, आणि नव्या पाहुणीला नाव मिळालं ते त्या मिरीवरूनच. कोल्हापूरचा तांबडा रस्सा ही चारपाचशे वर्षांच्या आतलीच गोष्ट आहे, हे कोल्हापुरात सांगायला माझी जीभ धजणार नाही.

पण तिखट ही चव आहे का? नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या चवीच्या पेशींकडे जातच नाही. ते उष्णतेची वेदना टिपणाऱ्या मज्जातंतूंवरचं दार उघडतं. तेच दार साधारण 43 अंश सेल्सियसच्या वर तापलेल्या वस्तूनंही उघडतं, म्हणून मेंदूला दोन्हींत फरक कळत नाही. हे दार शोधून काढणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांचं काम 1997मध्ये प्रसिद्ध झालं आणि 2021मध्ये त्यांना वैद्यकाचं नोबेल मिळालं. आपल्या आजीला हे आधीच ठाऊक होतं म्हणायचं का? ती 'तोंड भाजलं' म्हणायची, उकळत्या चहालाही आणि ठेच्यालाही.

शाळेच्या पुस्तकात जिभेचा एक नकाशा असायचा. टोकाला गोड, कडेला खारट नि आंबट, मागे कडू. मी साखरेचा दाणा जिभेच्या मागच्या टोकाला ठेवून पाहिला होता. ओकारी आली, पण दाणा गोडच लागला. मी पुस्तकावर विश्वास ठेवला आणि जिभेवर नाही. चूक पुस्तकाची होती. 1901मध्ये हेनिग नावाच्या जर्मन संशोधकानं जिभेच्या कडांवर चवींची संवेदनशीलता मोजली आणि जागोजागी अगदी किंचित फरक असल्याचं नोंदवलं. 1942मध्ये एडविन बोरिंग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं आपल्या पुस्तकात त्याच आकड्यांचा जो आलेख मांडला, त्यातून वाचणाऱ्यांचा समज झाला की एका भागाला दुसरी चव कळतच नाही. तो समज पुढच्या पिढ्यांनी वह्यांत रंगवला. खरं तर सगळ्या चवी सगळ्या भागांत कळतात. जिभेवर जे बारीक उंचवटे दिसतात ते चवीचे अंकुर नव्हेत. अंकुर त्या उंचवट्यांमध्ये दडलेले असतात, काही हजार, आणि त्यांतल्या पेशी साधारण दहा-बारा दिवसांत नव्या होतात. म्हणून चहानं पोळलेली जीभ पंधरवड्यात पूर्ववत होते, आणि माणूस पुन्हा घाईनं चहा पितो.

'उचलली जीभ लावली टाळ्याला' हा आपल्याकडचा ठेवणीतला टोमणा. विचार न करता बोलणाऱ्याला मारायचा. उच्चारशास्त्र शिकवणाऱ्याला मात्र यात टोमणा दिसणार नाही, व्याख्या दिसेल. जीभ उचलून टाळ्याला लावणं म्हणजेच तालव्य उच्चार. ती दातांना लावली की त, थ, द. थोडी मागे वळवून वर लावली की ट, ठ, ड. न लावता ओठच मिटले की प, फ, ब, भ, म. बाबा, मामा आणि आबा यांच्यासाठी जीभ कुठेच टेकवावी लागत नाही, आणि बाळ बोलायला लागतं ते अशाच शब्दांनी. 'जीभ' म्हणून पाहा. ज साठी ती टाळ्याला जाते, ई साठी तिथेच जवळ घुटमळते आणि भ आला की काम ओठांवर टाकून मोकळी होते.

मराठी जिभेला याहून एक बारीक कसरत येते, आणि ती लिपीत दिसत नाही. च, ज आणि झ यांचे आपल्याकडे दोन दोन उच्चार आहेत. 'चार' आंबे म्हणताना जीभ टाळूला लागते. गुरांचा 'चारा' म्हणताना ती पुढे सरकून दातांमागे जाते. 'सारं जग' आणि 'सुखानं जग' ही दोन जगं लिहायला एक आणि बोलायला दोन. 'माझा' म्हणताना जीभ दातांकडे झुकते आणि 'माझी' म्हणताना टाळूकडे. नुसतं लिंग बदललं तर तिची जागा बदलते. लहानपणी आपण ही गोष्ट शिकलो केव्हा, हे कुणालाच आठवत नाही. मराठी नंतर शिकलेल्या माणसाला मात्र ती कायमची आठवते. 'चटईला टाचणी टोचली' हे वाक्य भराभर म्हणताना तारांबळ का उडते? त्यातला प्रत्येक च दातांमागचा आहे आणि प्रत्येक ट टाळूवरचा. जिभेला सेकंदाला कितीतरी वेळा पुढे-मागे धावावं लागतं, आणि तिसऱ्या फेरीत ती पडते.

ळ ही तर आपल्या जिभेची ओळखच. टोक मागे वळवायचं, वर टेकवायचं आणि झटक्यानं सोडायचं. मराठीत कुठलाही शब्द ळ नं सुरू होत नाही, पण आत तो नसला तर अर्थ कोसळतो. मूळ आणि मूल, बाळ आणि बाल, नळ आणि नल! अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी मुलांना रविवारच्या मराठी शाळेत 'केळं' म्हणायला लावलं की काहींच्या तोंडून 'केलं' येतं, आणि मग वर्गात कुणी काय केलं याचा शोध सुरू होतो.

जिभेचं कुटुंब तिच्याएवढंच पसरलेलं आहे. घशात लोंबते ती पडजीभ. लोकांना वाटतं, 'पडलेली' किंवा 'पडू पाहणारी' म्हणून पडजीभ. आणि घसा बसला की 'पडजीभ पडली' म्हणून चमच्यावर मीठ-मिरपूड घेऊन ती उचलायला धावतात. या 'पड'चा पडण्याशी संबंध नाही. तो 'प्रति' आहे. प्रतिशब्दाचा पडसाद झाला, प्रतिच्छायेची पडछाया झाली, तशी प्रतिजिव्हेची पडजीभ. खऱ्या जिभेसमोरची दुसरी जीभ. जिभली म्हणजे छोटी जीभ, पण तिला आपण एकटी वापरत नाही. कुत्रं जिभल्या चाटतं, आणि श्रीखंडाचा डबा उघडला की आपणही. अनेकवचन का, ते विचारू नका. हावरटपणाला एक जीभ पुरत नसावी.

निर्जीव वस्तूंनाही जीभ आहे. बुटाच्या नाडीखाली असते ती जीभ. फाउंटन पेनच्या निबखाली जी काळी खाचांची पट्टी असते तीही जीभ. शाई निबपर्यंत नेमकी आणि हवा उलट वाटेनं आत, हे तिचं काम. ती सैल झाली की शाई पाघळते आणि खिशावर डाग पडतो. माणसाच्या जिभेबद्दल आपण पाघळणं म्हणतो, त्याचं इतकं चोख प्रात्यक्षिक दुसरीकडे मिळणार नाही.

काही शब्द मात्र तोतये आहेत. जिव्हाळा, जिव्हारी आणि जिव्हाळी हे दिसायला जिव्हेचे, पण कूळ जीवाचं. जिव्हारी लागतं ते जीवाच्या मर्मावर. नख फार खोल कापलं की दुखते ती जिव्हाळी, म्हणजे नखाखालचं जिवंत मांस. गोड बोलणाऱ्याकडे जिव्हाळा असेलच असं नाही, याला व्युत्पत्तीचाही आधार आहे तर.

झाडापाल्यात आणि पाण्यातही जीभ सापडते. आयुर्वेदात गोजिव्हा नावाची वनस्पती आहे; पानं गाईच्या जिभेसारखी खरखरीत. युनानी हकिमांच्या औषधांत गावजबान आहे. फारसीत गाव म्हणजे गाय, तेव्हा अर्थ तोच. आणि ग्रीकांनीही अशाच खरखरीत पानांच्या एका झाडाला 'बैलाची जीभ' म्हटलं होतं. गाईनं हात चाटलेल्या माणसाला ही उपमा सुचायला एकमेकांची पुस्तकं वाचावी लागत नाहीत. कोकणात वाळूवर चपटा पडून राहणारा लेप नावाचा मासा मिळतो. शास्त्रज्ञांनी त्याच्या एका जातकुळीला जे ग्रीक नाव दिलं, त्याचा अर्थ 'कुत्र्याची जीभ'. लेप हे नाव मला जास्त चपखल वाटतं, आणि तळून खाताना तर नक्कीच.

सापाच्या जिभेला आपण महाभारताचा आधार दिला आहे. गरुडानं अमृताचा कुंभ दर्भावर ठेवला, इंद्रानं तो पळवला, आणि सापांनी निदान थेंब तरी मिळेल म्हणून दर्भ चाटला. त्याच्या धारेनं जिभा चिरल्या. म्हणून सापाला संस्कृतात द्विजिव्ह म्हणतात, आणि चहाडखोर माणसालाही. मराठीनं मात्र इथेही जिभेला डावललं. लबाडाला आपण दुतोंड्या म्हणतो, आणि त्याच नावानं बिचाऱ्या मांडुळाला ओळखतो. त्याची शेपटी तोंडासारखी बोथट दिसते एवढाच त्याचा गुन्हा. सापाची दुभंगलेली जीभ खोटं बोलत नाही, ती वास घेते. दोन टोकांवर हवेतले कण टिपून ती टाळूतल्या एका खास इंद्रियाकडे पोचवते, आणि कुठल्या टोकाला वास जास्त यावरून भक्ष्य डावीकडे की उजवीकडे ते सापाला कळतं. अग्नीला तर मुंडकोपनिषदानं सात जिभा दिल्या आणि प्रत्येकीला नाव दिलं. काली आणि कराली या त्यांतल्या पहिल्या दोन. अग्नी त्या जिभांनी बोलत नाही. आहुती खातो.

एकच कृती दोन ठिकाणी किती वेगळी ठरते, तेही पाहा. दवाखान्यात 'जीभ दाखव' म्हटल्यावर मुलानं दाखवली तर तो शहाणा. घरी आत्याला दाखवली तर फटका. वैद्यांच्या अष्टविध परीक्षेत नाडीबरोबर जिव्हाही आहे. पांढरट थर, भेगा, कोरडेपणा, रंग यांवरून ते पोटाचा अंदाज घेतात. चरकसंहितेत तर जीभ खरवडायच्या पट्ट्या सोन्याच्या, रुप्याच्या, तांब्याच्या, कथलाच्या नि पितळेच्या असाव्यात असं नोंदलं आहे. आमच्याकडे तांब्याची होती, आणि सकाळी सात वाजता तिच्या आवाजानं सगळा वाडा जागा व्हायचा. जन्मलेल्या बाळाच्या जिभेवर मधानं ॐ काढायची चालही अनेक घरांत होती. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, असं आता डॉक्टर बजावतात. तेव्हा हा विधी करायचाच असेल तर मधाशिवाय करा.

आणि तरीही मराठीत एक शब्द असा आहे, ज्यात जिभेचे दोन्ही उद्योग, चव आणि बोलणं, एका जागी सन्मानानं नांदले. रसवंती. ओघवतं बोलणाऱ्याची 'रसवंती सुरू झाली' असं आपण म्हणायचो. कीर्तनकारांच्या आणि वक्त्यांच्या कौतुकात तो शब्द हमखास यायचा. आज तो व्यासपीठावर फारसा ऐकू येत नाही. उन्हाळ्यात एसटी स्टँडबाहेर या. घुंगरं बांधलेला चरक फिरत असेल, वर पत्र्याची पाटी असेल, बहुतेक वेळा कानिफनाथांच्या किंवा नवनाथांच्या नावाची, आणि त्या नावापुढे लिहिलेलं असेल : रसवंतीगृह. आत जाऊन बसा, आलं-लिंबू घातलेला उसाचा रस बिनबर्फाचा मागा, आणि ग्लास संपेपर्यंत काही बोलू नका.